पाच नंबरचं बटण

मास्तरांचं बोट चुकलं नव्हतं. एवढं एक वाक्य तोंडातून काढायला मला पाच वर्षं लागली.

मी मुळात कमी बोलणारा. दिवसा फाउंड्रीत पॅटर्नच्या, म्हणजे ओतकामाचे नमुने करायच्या खात्यात काम करतो, तिथं मला सगळे ‘गरीब माणूस’ म्हणतात, म्हणजे स्वभावानं. घरी बायको म्हणते, तुमच्या पोटातलं काढायला सांडशी लागते. कमी बोलणाऱ्याला लोक भला समजतात. ही सवलत मी आयुष्यभर वापरली आणि तिची किंमत दुसऱ्या कुणीतरी भरली. त्याबद्दलच हे लिहितोय.

आमचा एक ऑर्केस्ट्रा आहे. फार मोठा नाही. लग्नं, वाढदिवस, मंडळांचे कार्यक्रम. मी गिटार वाजवतो. मालक स्वतः गातात. ऑक्टोपॅडवर एक गडी आहे, ज्याची जीभ त्याच्या काठ्यांपेक्षा जलद चालते. आणि कीबोर्डवर होते मास्तर. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले, पांढरा शर्ट, खिशाला पेन. आम्हा सगळ्यांत सूर कळणारा खरा माणूस तोच.

त्या वर्षी मी एक छोटं इफेक्ट युनिट घेतलं. जेवणाच्या डब्याएवढं. आम्ही त्याला डबाच म्हणायचो. गिटारची वायर त्याच्यात शिरते आणि बाहेर पडताना आवाजाचं रूप बदलतं: कधी गाभाऱ्यात वाजल्यासारखा घुमतो, कधी फाटक्या कर्ण्यातून आल्यासारखा खरखरतो. यंत्र गुणी, पण एवढंसं असल्यामुळं पायानं दाबायची बटणं दोनच, आणि दोन्ही सुरू-बंद करण्यापुरती. हवा तो आवाज लावायचा तर प्रत्येक गाण्याआधी खाली वाकून एक बारीक खटका फिरवायचा. माझा उजवा गुडघा तेव्हाच कुरकुरायला लागला होता. लोकांसमोर वाकताना हात टेकावा लागायचा, त्याची मला लाज वाटायची. लाजेचं माझं गणित तेव्हापासूनच चुकीचं आहे.

डब्याच्या पाठीला मिडीचं भोक होतं. मिडी म्हणजे एका वाद्यानं दुसऱ्याला निरोप धाडायची सोय. त्या वायरीतून आवाज जात नाही, नुसते आकडे जातात. मास्तरांच्या कीबोर्डवर ओळीनं आठ बटणं होती. प्रत्येकात एकेका गाण्याची बासरी, व्हायोलिन, ठेका असं सगळं साठवलेलं. मी असं जुळवलं, की मास्तरांनी तीन दाबलं की त्यांचं तीन नंबरचं गाणं लागेल आणि वायरीतून तीन हा आकडा माझ्या डब्याकडं येईल. डबा आपल्या यादीतला तिसरा आवाज उघडेल. मी नुसतं उभं राहायचं.

मास्तरांना हे समजावलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

“म्हंजे तुझं वझं माझ्या बोटावर टाकाय लागलाईस.”

“तुम्हाला जास्तीचं काय करायचंच न्हाय मास्तर. तुम्ही तुमचं बटण दाबायचं. माझं आपोआप हुतंय.”

“आणि मी चुकलो तर?”

“तुम्ही कुठं चुकताय?”

त्यावर ते हसले होते. ऑक्टोपॅडवाला म्हणाला, “मिडी? ही आणि कुठली एमआयडीसी म्हणायची? शिरोलीची का गोकुळ शिरगावची?” सगळे खिदळले. मालकांना मात्र स्टेजवर आडवी पडलेली ती वायर पसंत नव्हती. म्हणाले, “बघ हां. एकदा जरी घोटाळा झाला तर ह्यो डबा घरी. डब्याबरोबर तूबी.”

हे त्यांनी चेष्टेनं म्हटलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पुढं मी जे केलं त्याला हे कारण म्हणून वापरलं, म्हणून सांगतोय.

सहा-सात महिने सगळं सुरळीत चाललं. मास्तर बटण दाबायचे, इकडं माझा आवाज बदलायचा. इतर ऑर्केस्ट्रातले गिटारवाले येऊन डब्याकडं टक लावून बघायचे. “कसं काय जमवलंस लगा?” विचारायचे. मी खांदे उडवायचो. आतून मात्र फुगलेलो असायचो.

मग कागलचा कार्यक्रम आला. एका मोठ्या घरातल्या आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. भर दुपारी, जेवणाआधी, हॉलमध्ये.

आदल्या दिवशी मी घरी डबा घेऊन बसलो होतो. सतारीसारखा झणकारणारा एक नवा आवाज जमून आला. तो साठवताना डब्यानं विचारलं, कितव्या जागी ठेवू? मी चार म्हटलं. चौथ्या जागी नवा बसला आणि खालचे सगळे एकेक घर खाली सरकले. पूर्वीचा चौथा पाचवा झाला, पाचवा सहावा. माझ्या लक्षात आलं होतं. नव्याला उचलून यादीच्या शेवटी टाकायचं, की सगळे परत आपापल्या जागी येतील, असं ठरवलंही होतं. तेवढ्यात दारात पावणे आले, बायकोनं चहाला हाक मारली. डबा पिशवीत गेला तो तसाच.

कागलला साउंडचेक केला, पण पहिल्या दोन गाण्यांचा. एक आणि दोन आपल्या जागीच होते. पहिली तीन गाणी झकास झाली. मग आजी-आजोबांनी पुन्हा एकमेकांना हार घालायचे, असं ठरलेलं. चार वगळून आम्ही थेट पाचवर आलो. ते गाणं अगदी हळुवार. सुरुवातीला नुसती बासरी आणि तिच्याखाली माझ्या गिटारचे चार थेंब. आजी नाकात नथ घालून, नातवाचा हात धरून येत होत्या. मास्तरांनी पाच दाबलं. बासरी सुरू झाली. मी तार छेडली.

गिटार करवतीसारखी किंचाळली. पूर्वीचा चार नंबर, तो खरखरीत कर्णा, आता पाचव्या घरात बसलेला होता. आजींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. पहिल्या ओळीतले एक फेटेवाले उठून ओरडले, “ओ पावणं, लग्नाचा वाढदिवस हाय, पिठाची गिरण न्हवं!”

अख्खा हॉल हसला. मास्तर दचकले. त्यांना वाटलं आपलंच बोट भलतीकडं पडलं. त्यांनी घाईनं सहा दाबलं, मग सात. बासरी गेली, ढोलाचा ठेका सुरू झाला आणि जो काही उरलासुरला सोहळा होता त्याचा विचका झाला. मालक माईक खाली करून वळले.

“मास्तर! कुठलं बटण दाबलासा?”

मला तोवर सगळं कळलं होतं. पहिली तार वाजली त्याच क्षणी कळलं होतं. आणखी एक गोष्ट तिथं उभ्या सगळ्यांना कळायला हवी होती: मास्तरांचं बोट चुकलं असतं तर बासरी लागलीच नसती. बासरी बरोबर लागली होती. चुकली होती फक्त गिटार. पण गोंधळात एवढा विचार कोण करतो? मी केला. तोंड मात्र उघडलं नाही.

मी खाली वाकलो, खटका फिरवून बरोबर आवाज लावला आणि मालकांकडं बघून मान हलवली. मास्तरांनी पुन्हा पाच दाबायला हात उचलला, पण बोट बटणाजवळ अडलं. मालक म्हणाले, “राहू द्या, गिटारवर घेतो.” मी एकट्यानं गाणं तोलून नेलं. हार घालून झाले. टाळ्या पडल्या. खाली उतरताना मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “तू हुतास म्हणून निभावलं.”

ती थाप मी घेतली.

जेवणाच्या पंगतीत मास्तर माझ्या शेजारी बसले होते. ताटातल्या जिलेबीला त्यांनी हात लावला नव्हता. उजव्या हाताचं बोट डोळ्यांजवळ नेऊन बघत होते.

“पाचच दाबलंतं रं मी,” ते हळू म्हणाले. “का सहा दाबलं? तू बघितलास का?”

तोपर्यंत मी फक्त गप्प होतो. आता मला थेट विचारलं होतं, आणि मी बोललो.

“माझं लक्ष नव्हतं, मास्तर.”

मनाला मी सांगितलं, एवढंसं तर आहे, दोन दिवसांत लोक विसरतील. शिवाय उद्या मालक डबा घरी ठेवायला लावतील. पण खरं कारण याहून हलकं होतं. त्या डब्याच्या शहाणपणावर मला मान मिळत होता आणि तो पिठाच्या गिरणीत जाऊ द्यायचा नव्हता. बस्स. नोकरी जाणार नव्हती, पोटावर पाय येणार नव्हता. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी माणूस किती खाली जातो, हे मला स्वतःकडं बघून कळलं.

घरी पोचल्यावर आधी यादी नीट लावली. पाच मिनिटांचं काम. पुन्हा कधीच तो घोटाळा झाला नाही, आणि झाला नाही हाच मास्तरांविरुद्धचा पुरावा ठरला.

पुढच्या कार्यक्रमाला मास्तर आले तेव्हा आठही बटणांच्या वर त्यांनी कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. प्रत्येकावर गाण्याचे पहिले शब्द, त्यांच्या शाळेतल्या त्या सुबक अक्षरात. बटणापाशी बोट न्यायचे, थांबायचे, चिठ्ठी वाचायचे, मग दाबायचे. त्यामुळं गाणं अर्धी मात्रा उशिरा सुरू व्हायचं. ऑक्टोपॅडवाला म्हणायचा, “मास्तर, चष्म्याला वायपर बसवा की.” त्यांची पाठ वळली की तो बोट हवेत थरथरवून नक्कल करायचा. सगळे हसायचे. मीही हसायचो.

दोन महिन्यांनी मास्तर स्वतःहूनच म्हणाले, “आता हात ऐकंना. दुसरा बघा कुणीतरी.” मालकांनी चार वेळा नको म्हणून पाहिलं, पण फार जोर लावला नाही. नवा कीबोर्डवाला आला. तीच वायर, तोच डबा, सगळं बिनचूक. मालक म्हणाले, “बघा. वायरीचा दोष न्हवताच.”

मी मान हलवली. मान हलवण्यात मी पटाईत आहे.

त्यानंतर मास्तरांच्या गल्लीवरून जायचं मी टाळायला लागलो. दुसऱ्या वाटेनं वळसा पडतो, पण त्या वळशाची सवय झाली. असंच चाललं असतं. पण गेल्या हिवाळ्यात लक्ष्मीपुरीत भाजी घेताना मास्तरांच्या बायको समोर आल्या. पळायला जागा नव्हती.

“येत न्हाईसा ते आमच्याकडं?” त्या म्हणाल्या.

“वेळच न्हाय वहिनी. मास्तर बरे हायत नव्हं?”

“शरीरानं बरं हाय की. पण कागलास्नं आल्यापासनं त्यांचा स्वतःवरचा भरवसाच उडालाय बघा. आपण विसराय लागलोय म्हणत्यात. डॉक्टरला दाखवलं, त्यो म्हणाला काय न्हाय झालेलं. ह्यांना पटंना. मी वाडीच्या देवाला जाऊन पाच पौर्णिमा केल्या त्यांच्यासाठी.” पिशवीत मेथीची पेंढी सारून त्यांनी वर बघितलं. “तुमची आठवण काढत्यात. म्हणत्यात, त्या पोरानं त्या दिवशी सांभाळून घेतलं, न्हायतर माझं लई हसं झालं असतं.”

पन्नाशीच्या मला ते अजून पोर म्हणत होते. मी भाजी तिथंच विसरून घरी आलो.

त्या रविवारी सकाळी मी गिटार, डबा आणि ती वायर घेऊन त्यांच्या घरी गेलो. निघण्याआधी यादी पुन्हा चुकीची लावली, कागलला होती तश्शी. नुसतं तोंडानं सांगितलं तर ते मला समजूत घालायला आलेला समजतील, अशी भीती होती.

दारातून आत गेलो आणि पहिल्यांदा दिसला भिंतीवरचा बटणांचा बोर्ड. प्रत्येक बटणाच्या वर चिठ्ठी. ‘दिवा’. ‘पंखा’. ‘बाहेरचा दिवा’. तेच अक्षर.

मास्तर खूश झाले. “ये की रं! वाट चुकलास व्हय?” वहिनी चहा टाकायला आत गेल्या. मी म्हणालो, “मास्तर, कीबोर्ड हाय का?” तो कोपऱ्यात चादरीखाली होता, वर घड्या घातलेली रजई. आम्ही तो काढला. बटणांवरच्या चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या होत्या. मी वायर जोडली. त्यांच्या घरात एक छोटा स्पीकर होता, त्यात गिटार घातली.

“पाच दाबा,” मी म्हणालो.

त्यांनी चिठ्ठी वाचली, दाबलं. बासरीची सुरावट त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांनी आपसूक धरली. मी तार छेडली. ती करवत त्या लहानशा खोलीत किंचाळली. वहिनी हातात गाळणं घेऊन बाहेर आल्या.

मास्तरांचा हात लगेच सहाकडं निघाला होता. मी तो धरला.

“तुमचं बरोबर हाय. चुकलं होतं ते हे.” मी डब्याकडं बोट केलं. “आदल्या दिवशी मी यादीत मधीच नवा आवाज घातला होता. खालचं सगळं सरकलं. परत लावायला विसरलो. मला तिथंच कळलं होतं, मास्तर. तुम्ही पंगतीत विचारलंसा तवाबी मला ठाव होतं.”

त्यांनी पाचवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. मग म्हणाले, “म्हंजे मी पाचच दाबलंतं.”

“व्हय.”

“बासरी बरोबर लागलीती.”

“व्हय.”

“बासरी लागली म्हंजे पाचच की. दुसरं कसं असंल?” ते वहिनींकडं वळले. “एवढं साधं माझ्या ध्यानात कसं आलं न्हाय गं?”

वहिनी माझ्याकडं बघत होत्या. मग त्या आत गेल्या आणि चहा बाहेर आलाच नाही.

मास्तरांनी मला खाली बसवलं. डबा माझ्या मांडीवर. यादी नीट करायला लावली आणि एकेक बटण दाबायला लागले. दाबायचे आणि मला आकडा विचारायचे. “किती आला?” “दोन.” “आता?” “सात.” “आता?” “पाच.” पुन्हा पहिल्यापासून. कितीदा केलं सांगता येणार नाही. एकदाही चुकलं नाही. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवले.

“मी गाडी चालवायची सोडली,” ते म्हणाले. “कुठंतरी धडकीन म्हणून. गॅस पेटवत न्हाय. नातीला पेटी शिकवत हुतो, ते बंद केलं. चुकीचं शिकवीन म्हणून. डॉक्टर म्हणालता काय न्हाय झालेलं, तर मला वाटलं त्योबी समजूत काढतोय. पाच वर्षं.”

मी त्यांचे पाय धरायला गेलो. त्यांनी पाय मागं ओढले.

“पाया पडू नकोस. वाकायचं तवा वाकला न्हाईस.”

मी तसाच गुडघ्यावर राहिलो.

“आणि हे मला सांगून काय उपेग? ज्यांच्यादेखत झालं त्यांना सांग. सगळी असतील तवा.” मी मिडीची वायर सोडवली तशी त्यांनी ती माझ्या हातून काढून घेतली, गुंडाळली आणि कीबोर्डवर ठेवली. “ही हितंच ऱ्हाऊ दे.”

प्रॅक्टिस बुधवारी असते. सगळे जमले, वाद्यं जुळली, मालकांनी घसा साफ केला. मी म्हणालो, मला थोडं बोलायचंय. सगळ्यांनी चमकून बघितलं, कारण असं वाक्य माझ्या तोंडून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मी सगळं सांगितलं: यादी, पावणे, चहा, पंगत, पाठीवरची थाप. सांगताना गिटारच्या पट्ट्याशी चाळा करत होतो, वर बघवत नव्हतं.

मालकांनी माईक खाली ठेवला. मग म्हणाले, “अरं, पाच वर्षं झाली लगा. आता कुणाच्या ध्यानात हाय ते?”

“मास्तरांच्या.”

नवा कीबोर्डवाला आपल्या बटणांकडं बघत राहिला. ऑक्टोपॅडवाल्यानं काठ्या खाली ठेवल्या. त्याच्या तोंडून आता काहीतरी टोमणा येईल अशी मी वाट बघत होतो. तो आला असता तर बरं वाटलं असतं.

“मी त्यांची नक्कल करत हुतो,” तो म्हणाला. “मला काय ठाव? पण तुला ठाव हुतं, आणि तू हसत हुतास की.”

त्या दिवशी प्रॅक्टिस झाली नाही. निघताना मालक म्हणाले, “मास्तरांना म्हणावं, या. एखाद्या कार्यक्रमाला तरी या. मी स्वतः बोलवाय येतो.”

शुक्रवारी फाउंड्रीतून सुटल्यावर मी निरोप घेऊन गेलो. मास्तर पेपर वाचत होते. वहिनींनी दार उघडलं आणि आत निघून गेल्या.

“सांगितलंस?”

“व्हय.”

“सगळी हुती?”

“व्हय.”

“त्यो ऑक्टोपॅडवाला?”

“हुता.”

“हसला?”

“न्हाय.”

“बरं.” त्यांनी पेपरची घडी घातली. मी मालकांचा निरोप दिला. त्यांनी बोटं उघडून मिटून दाखवली. सांधे सुजलेले होते. “आता खरंच ऐकत न्हाईत. पाच वर्षं वाजवलं न्हाय ना. मालकांना सांग, गाणं ऐकाय येतो कवातरी.”

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मी माफी मागितलीही नाही. मागायला तोंड नव्हतं. हल्ली मी स्टेजवर त्या मिडीच्या वायरीशिवायच असतो. प्रत्येक गाण्याआधी गुडघ्यावर हात टेकून वाकतो आणि खटका फिरवतो. त्यानं काही फिटत नाही. पण तेवढं माझं मी करतो.

त्या शुक्रवारी बोलता बोलता खोलीत अंधारून आलं. मी बोर्डाकडं बघून म्हणालो, “ह्या चिठ्ठ्या काढू का, मास्तर?”

“ऱ्हाऊ देत. सवय झालीया.”

ते दिवा लावायला उठले. बोट न चुकता दिव्याच्या बटणावरच गेलं, मी डोळ्यांनी बघितलं. तिथं ते थांबलं. मास्तरांनी चष्मा सावरला, पुढं वाकून चिठ्ठी वाचली, आणि मग दाबलं.